एक दिवस आधीचा राब

आमच्या घरात चिंच टिकत नसे आणि त्याला कारण मी होते. आई उन्हाळ्यात चिंच फोडून, मीठ लावून तिचे गोळे करी आणि मडक्यात दाबून भरी. वर्षभराच्या आमटीला आणि सुकटीच्या कालवणाला ती पुरायची. त्या दोन वर्षांत मात्र मडक्याचा तळ दिवाळीलाच दिसायला लागला. आईनं आधी उंदरांना शिव्या घातल्या, मग यमूला. यमू माझी धाकटी बहीण, तेव्हा आठ-नऊ वर्षांची. चिंच चोरून खाण्यात तिचा हात कोणी धरला नसता, त्यामुळे तिच्या रडण्यावर कोणाचा विश्वास बसेना. मी शेजारी उभी राहून गप्प ऐकत असे. चिंच जात होती इंजिनाला. चिंच आणि चुलीतली राख लावून पितळ घासलं की कसं लखलखीत निघतं, हे मला आईनंच कळशी घासताना शिकवलं होतं. ती विद्या मी वाफेच्या इंजिनावर चालवीन, हे तिच्या ध्यानीमनीही नसणार. कळलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून एवढंच म्हणाली, "माझी चिंच त्या मढ्याला लावतंस व्हय गो?"

मढं म्हणजे बुटकी. आमचं गाव शेणव्यापासून चालत अर्ध्या तासावर, आणि गावापलीकडं मैलभर रानात एक जुनं यार्ड होतं. गोऱ्यांच्या अमदानीत धरण बांधलं तेव्हा दगड ओढायला बारीक रुळांची गाडी होती, तिचं ते यार्ड. धरण झालं, रूळ उचलले गेले, गोरे गेले आणि एक इंजिन फर्लांगभर रुळांवर करंजाच्या झाडाखाली तसंच राहिलं. उंचीनं ते आमच्या गोठ्याएवढं असेल, म्हणून लोक त्याला बुटकी म्हणत. धुराड्यात पाखरांची घरटी, कोळसा ठेवायच्या खणात सापाची कात, बॉयलरवर वेल चढलेले. आम्ही बायका लाकडांना जाताना तिच्या सावलीला मोळी टेकवायचो, यापलीकडं तिचा कोणाला उपयोग नव्हता. फक्त ठाकूरवाडीचा बुधाबाबा दर दसऱ्याला तिच्या चाकांना करंजेल लावून झेंडूची माळ घालायचा. तरुणपणी त्यानं तिच्या पोटात लाकडं टाकली होती. नोकरी संपून तीस वर्षं झाली तरी हत्यार पुजायचं त्यानं सोडलं नाही, आणि त्या तेलामुळंच तिची चाकं गंजून जाम झाली नाहीत, हे मामानं पहिल्याच दिवशी ओळखलं.

लक्ष्मणमामा आईचा थोरला भाऊ. लोको शेडमध्ये बॉयलर मिस्त्री म्हणून जन्म काढून तो निवृत्त झाला, मामी वारलेली, म्हणून आमच्याकडं राहायला आला. वडील मी दहा वर्षांची असताना तापानं गेले होते. घरात पुरुषमाणूस येतोय, शेताला हात होईल, असं आईला वाटलं होतं. मामानं आल्याच्या आठवड्यात यार्डात चक्कर मारली आणि आईच्या शेताचा हात गेला. इंजिन पुन्हा चालू करायला परवानगी हवी म्हणून त्यानं गुरुजींना गाठलं. आमचे शाळेचे गुरुजी अर्ज लिहिण्यात इतके तरबेज की त्यांच्या अर्जाला उत्तर न देणं सरकारला जड जाई. मग शेडमधले दोन जुने सोबती रविवारी आसनगावला उतरून पायी येऊ लागले. गुरुजी, मामा, बुधाबाबा, ते रविवारचे दोघे आणि मी. त्याला गुरुजींनी 'इंजिन मंडळ' असं भारदस्त नाव दिलं आणि आईनं 'रिकामटेकडं मंडळ'.

मी त्यात कशी शिरले? मामाचा डबा घेऊन गेले आणि परत आलेच नाही, असंच म्हणावं लागेल. तो हातोडीनं बॉयलरवर ठोके मारीत चालला होता. मला म्हणाला, "डोळे मीट आणि ऐक. चांगला पत्रा बोलतो, सडलेला कण्हतो." मी डोळे मिटून ऐकलं. टण्ण, टण्ण, टण्ण, आणि मग एकदा थप्प. "इथं," मी म्हणाले. मामानं खडूनं फुली मारली आणि माझ्याकडं वळून नीट पाहिलं. सातवी झाल्यावर माझी शाळा सुटली होती. तेव्हापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलेलं कोणी खडूनं लिहून ठेवलं नव्हतं. आज माझे गुडघे ठोकले तर तेही थप्प असाच आवाज देतील, पण त्या दिवशी ऐकलेला टण्ण मला अजून ऐकू येतो. इतक्या वर्षांत इतकं छान मला फार कमी वेळा वाटलं आहे, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

दोन वर्षं आम्ही तिला खरवडत होतो. गंज काढायचा, नळ्या साफ करायच्या, सडलेला पत्रा कापून नवा रिवेटनं बसवायचा. दुपारी करंजाखाली भाकरी सोडायच्या. आमची नाचणीची भाकर आणि लसणाची चटणी, रविवारच्या दोघांची चपाती, बुधाबाबाचे रानातले भाजलेले कंद. सगळं एका फडक्यावर मांडून सगळ्यांनी खायचं, आणि गावात ज्याच्या हातचं पाणी कोणी घेत नसे त्याचे कंद गुरुजी बोटं चाटून खात. मामानं मला फाइल म्हणजे कानस धरायला शिकवली, बेअरिंग बसवायला शिकवलं. इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या टोकांना पितळी बेअरिंगं असतात आणि त्यांच्या आत शिशासारखा मऊ पांढरा धातू ओतलेला असतो. दांडा त्या मऊ धातूवर फिरतो. तो धातू वितळवून नव्यानं ओतायचा आणि मग कागदाएवढा कागदाएवढा खरवडून दांड्याच्या मापाला आणायचा. हे खरवडायचं काम मामा कोणाला देत नसे. त्यानं ते मला दिलं. चार बेअरिंगांना मला सव्वा महिना लागला.

आईचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला आता कळतं. दोन भाताची खाचरं, उतारावरच्या वरकस जमिनीचा तुकडा, एक बैलजोडी उसन्यावर, आणि घरात राबणारी ती एकटी. लग्नाची मुलगी दिवसभर पुरुषांत बसून तेलात हात घालते. बोलणारे तिच्या तोंडावर बोलत. मी संध्याकाळी घरी येऊन भात कांडायची, पाणी भरायची, आणि मला वाटायचं की झालं, फिटलं. राबाच्या दिवसांत तर हातांची फार गरज. आमच्याकडं भाताचं रोप जिथं टाकायचं ती जमीन आधी भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या फांद्यांच्या मोळ्या, मग गवत, पातेरा म्हणजे वाळका पाला, आणि वरून बारीक माती. उन्हाळाभर हे डोक्यावरून वाहायचं आणि मेअखेर वारा पडला असेल तेव्हा पेटवायचं. राब नीट भाजला नाही तर रोप येत नाही, आणि रोप नाही तर पुढं वर्षभर काही नाही. त्या वर्षीच्या राबाच्या साठ मोळ्यांपैकी मी किती वाहिल्या, हे मला कोणी विचारू नये.

त्यातच वैशाखरे गावचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा शेती करणारा, हुंड्याची अट नाही. आईनं शेजारून कपबशा आणल्या, रवा भाजून सांजा केला, मला स्वतःचं लुगडं नेसवलं. मुलाची आत्या चांगली ठसठशीत बाई होती. तिनं माझे हात हातात घेतले, उलटेसुलटे केले आणि नखांपाशी थांबली. "काळं कशानं गो?" आई चटकन म्हणाली, "चुलीचं काम असतंय, आक्का." तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण आपला शहाणपणा दाखवायची संधी मी आयुष्यात सोडलेली नाही. "चुलीचं नाही, इंजिनाचं," मी म्हणाले. "मी बेअरिंग खरवडते." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चार दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आला, "पोरगी गोड हाय, पन आमाला सून पायजे, फायरमन नको."

मध्यस्थ गेल्यावर आई बराच वेळ कपबशा पुसत बसली. मग म्हणाली, "बापाविना पोरी मी कशा वाढवल्या ते माजं मला ठावं. आता त्या लोखंडाशी लगीन लाव नि ऱ्हा."

"लोखंड तरी बरं. ते मला मोळ्या मोजून दाखवत नाही," मी म्हणाले.

त्या दिवसापासून आम्ही एकमेकींशी बोलणं बंद केलं. एका खोलीच्या घरात न बोलता राहणं सोपं नसतं. त्यासाठी यमू होती. "यमे, आयेला सांग, पीठ संपलंय." "यमे, तिला सांग, पीठ डब्यामागं हाय." आई हातभर अंतरावर असे, तरी यमू तोंड वळवून निरोप पोचवी आणि दोन्हीकडून गुळाचा खडा वसूल करी. मामा जेवताना हसायचा आणि म्हणायचा, "टेलिफोन बरा लागलाय घरात." अकरा दिवस हे चाललं. आधी कोणी बोलायचं, एवढाच प्रश्न होता. मी अठरा वर्षांची होते आणि माझं बरोबर होतं, त्यामुळे मी बोलणं शक्यच नव्हतं.

तोवर बुटकीचा निकाल जवळ आला होता. धरणाच्या खात्यानं यार्डातलं सगळं लोखंड भंगारात विकायला काढलं होतं आणि एका व्यापाऱ्यानं ते घेतलंही होतं. गुरुजींच्या अर्जांना कंटाळून त्या खात्याच्या साहेबांनी शेवटी तोंडी कबूल केलं: येत्या रविवारी मी येतो, इंजिन स्वतःच्या वाफेवर यार्डाच्या फाटकापर्यंत चालत आलं तर ते आठवण म्हणून शाळेपुढं ठेवायचं लिहून देतो, नाही आलं तर सोमवारी व्यापारी तोडायला मोकळा. फर्लांगभर चालायचं होतं फक्त. बॉयलरमध्ये गार पाणी दाबून तो तपासून झाला होता. बुधाबाबानं ऐनाची सुकी लाकडं रचून ठेवली होती. बेअरिंगं, शिटी, आगीच्या पेटीत बसणारी शिशाची गुडदी म्हणजे बूच, सगळं सुटं पितळ चोरीच्या भीतीनं आम्ही घरी कणगीमागं ठेवलेलं होतं आणि शनिवारी संध्याकाळी ते नेऊन चढवायचं होतं. राहिली होती बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणारी काच. ती आणायला मामा शुक्रवारी सकाळी कल्याणला गेला, शनिवारी दुपारी परतणार होता.

शुक्रवारी दुपारी व्यापाऱ्याचा माणूस शाळेत येऊन गुरुजींना दम देऊन गेला. इंजिनाचं पितळसुद्धा आमच्या खरेदीत आलंय, उद्या चौकीदाराला घेऊन घरं बघतो, म्हणाला. गुरुजींनी मला गुपचूप निरोप पाठवला. आई तेव्हा नदीवर होती. मी तीन गोणपाटांत सगळं बांधलं आणि राबाच्या जागेवर गेले. उंबराकडच्या कोपऱ्यात पातेरा नि गवत बाजूला करून, फांद्यांच्या खाली, शेणाच्या थरावर ती गाठोडी ठेवली आणि वरून पुन्हा सगळं सारखं केलं. तिथं कोणी हात घालणार नाही, याची मला पक्की खात्री होती. गावाचा राब रविवारी सकाळी भाजायचा ठरला होता. सगळ्यांचे राब एकमेकांना लागून, म्हणून एकाच दिवशी, हिरव्या फांद्या घेऊन माणसं उभी करून पेटवायचे अशी रीत होती. तोवर मी शनिवारी संध्याकाळीच मामाबरोबर सगळं काढून नेणार होते. आईला सांगावं, हे मनात आलं. खोटं कशाला बोलू, आलं होतं. पण सांगायचं म्हणजे आधी मी बोलायला हवं होतं, आणि यमूच्या हाती हा निरोप द्यावा तर तो संध्याकाळपर्यंत गावभर झाला असता.

शनिवारी सकाळी मी मामाला आणायला आसनगावला निघाले. तेलाचा डबा आणि सामान दोघांना मिळून उचलायचं होतं. आई चुलीपाशी होती. मी म्हणाले, "यमे, आयेला सांग, मी जाते. दुपार होईल." आई भाकर थापता थापता म्हणाली, "तिला सांग, भाकर बांधून ठेवलीय. घेऊन जा म्हनावं." दाराशी फडक्यात बांधलेली पुरचुंडी होती. मी ती ओलांडून गेले.

परतताना मामा खुशीत होता. काच त्यानं शर्टाच्या आत, छातीशी धरली होती. मी त्याला पितळ कुठं लपवलं ते सांगितलं तेव्हा तो थांबून हसला. "डोकं चालतं हो तुझं," म्हणाला. शेणव्याचा रस्ता सोडून आम्ही टेकाड चढलो आणि समोर आमच्या खाचरांवर धूर दिसला. आधी मला काही वाटलं नाही. मग मामानं विचारलं, "आज कुणाचा राब गो?" सगळ्या पट्ट्यात एकच तुकडा काळा झाला होता, उंबराजवळचा. मी तेलाचा डबा तिथंच टाकून धावले.

आई बांधावर बसली होती. दोन्ही हात पाण्याच्या हंड्यात. यमू शेजारी उभी राहून मुकाट्यानं रडत होती. पुढ्यात माझी तीन गाठोडी, गोणपाट जळून गेलेलं, पितळ काळं पडलेलं, आणि राखेत पांढऱ्या धातूचे ओघळ आणि गोळे. राबाच्या आगीनं पितळ वितळत नाही. आतला मऊ धातू मात्र पुरता वाहून गेला होता, शिशाची गुडदीही. धूर वेगळा यायला लागला तशी आईनं फांद्या उपसून ती गाठोडी बाहेर ओढली होती, हे तिचे हात पाहून कोणालाही कळलं असतं. मला ते दिसलं. मी खोटं सांगत नाही, मला ते दिसलं होतं. तरी अकरा दिवसांनंतर मी आईशी जे पहिलं वाक्य बोलले ते असं होतं, "राब उद्या होता. तू मुद्दाम आज पेटवलास."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मामा मागून आला, काळी बेअरिंगं एकेक करून उचलून बघितली आणि खाली ठेवली. "जाऊ दे, सखू," तो आईला म्हणाला. "आग कुनाला वळखत नाय." पण त्यानंही विचारलं नाही की आज का.

रविवारी आम्ही सगळे यार्डात गेलो, कारण जाणं भाग होतं. मामानं शेडमधला निळा शर्ट घातला होता. साहेब जीपमधून उतरले. मामानं टॉवेलवर बेअरिंगं मांडून दाखवली आणि म्हणाला, "आठ दिवस द्या साहेब, पुन्हा ओततो." साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "मिस्त्री, आठ दिवसांत पाऊस येईल. मग तुमच्यातलं कोणी शेतातून हलणार नाही. मला कागद उद्या पाठवायचाय." मग त्यांनी विचारलं की जळलं कसं. "राबात जळलं," शेवटी गुरुजी म्हणाले. साहेबांना काही उमगलं नाही. "पण हे राबात कशाला होतं?" त्यांनी विचारलं. याचं उत्तर माझ्यापाशी होतं. सगळे खाली बघत होते आणि मीही खाली बघितलं. दुसऱ्या दिवसापासून गावात बोललं गेलं की सखूनं पोरीचं लग्न मोडलं म्हणून सूड घेतला, इंजिन जाळलं. ते मी कधीही खोडून काढलं नाही. मला ते खरंच वाटत होतं, आणि खरं वाटणं सोयीचंही होतं, कारण तसं नसतं तर दोष माझा होता.

बुटकी तोडायला सहा दिवस लागले. घणाचे आवाज घरापर्यंत यायचे. चांगला पत्रा बोलतो, हे मला माहीत नसतं तर बरं झालं असतं. बुधाबाबा रोज तिथं जाऊन बसायचा आणि शेवटच्या दिवशी त्यानं रचलेली ऐनाची लाकडं वाडीवर वाहून नेली. मामा दिवाळीपर्यंत राहिला आणि मग मुलाकडं कल्याणला गेला. काच त्यानं आमच्या घरात आढ्याला टांगून ठेवली होती, ती पुढं कधीतरी मांजरानं पाडली.

त्या वर्षी आईनं आवणी म्हणजे भाताची लावणी त्याच हातांनी केली. उजव्या तळव्याची कातडी धरली नव्हती. रोपाची मूठ ती डाव्या हातात घेई आणि उजव्या हाताची दोनच बोटं चिखलात घाली. मी तिच्या शेजारच्या ओळीत होते. बायका आवणीची गाणी म्हणत होत्या. आई नेहमी पहिली सुरुवात करणारी, त्या वर्षी तिनं फक्त झील धरली. आमचं बोलणं तोवर सुरू झालं होतं, यमूचा गूळ बंद झाला होता. पण ते बोलणं पीठ कुठं आहे आणि बैल कधी मिळणार, एवढंच. पुढं गुरुजींच्या खटपटीनं मी मास्तरीणबाईचं ट्रेनिंग केलं, मुरबाडकडं नोकरी मिळाली, लग्नही झालं, आणि मी शनिवार-रविवार आईला भेटायला न येण्याची कारणं शोधायला शिकले. चांगली कारणं असायची. वह्या तपासायच्या असायच्या.

एकदाच तिनं तो विषय काढला. माझ्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला मी तिला घेऊन येत होते आणि कल्याणला गाडी बदलायला थांबलो होतो. पलीकडच्या रुळांवर एक काळं इंजिन वाफ सोडत उभं होतं. आई ते बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुजी बुटकी अशीच व्हती का गो? चालली असती तर असाच आवाज करती?" आता वाटतं, ती दार उघडत होती. मी म्हणाले, "ती लहान होती," आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

आई गेली तिच्या तेराव्याला पाहुणे पांगल्यावर यमू आणि मी ओटीवर बसलो होतो. यमू आता सुना-नातवंडांची बाई झाली होती. बोलता बोलता मी म्हणाले, "मी सगळं विसरले, पण तिनं तो राब मुद्दाम एक दिवस आधी पेटवला ते काही विसरता येत नाही."

"मुद्दामच पेटवला व्हता, ताय," यमू म्हणाली. "तुज्यासाठी. रविवारी राब असता तर तुला घरी थांबाया लागलं असतं. आयेनं आदल्या सांजला शेजाऱ्यांना इचारून घेतलं, आमचा तेवढा उद्या भाजते म्हनून. मला म्हनली, तायला सांगू नको. दुपारी येईल तवा राब झालेला दिसंल, नि रविवारी बिनघोर जाईल इंजिनावर. आमी दोघींनीच पान्याचे हंडे वाहिले."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"आयेनं शपथ घातली. म्हनली, तिला कळलं तर जल्मभर मनाला लावून घेईल. त्यापरीस माज्यावर रागवू दे."

आता मी मुरबाडला राहते, खोलीच्या खिडकीतून सिद्धगड दिसतो. सगळे म्हणतात बाईंनी आयुष्य चांगलं काढलं. शाळेतल्या शेकडो मुलांना मी शिकवलं की आधी विचारावं, मग रागवावं. हे वाक्य मी फळ्यावर लिहीत असे.

त्या संध्याकाळी ओटीवर मी यमूला आणखी एकच गोष्ट विचारली. का विचारली ते मलाही माहीत नाही. इतक्या वर्षांत तिची मला आठवणही झाली नव्हती. मी म्हणाले, "यमे, त्या दिवशी मी टाकून गेले होते ती भाकर कुठं गेली?"

"आयेनं खाल्ली," यमू म्हणाली. "सकाळधरनं उपाशीच व्हती ती. हात पान्यात व्हते तिचे, म्हनून बांधावर बसून मीच भरवली."